पहिला कप

चष्मे तयार करणाऱ्या त्या कारखान्यात माणसं अठरा आणि भिंतीवर वाक्यं चार. तशी वाक्यं हल्ली सगळीकडेच असतात. बँकेत असतात, दवाखान्यात असतात, छान चौकटीत बसवलेली, आणि बहुधा कुणीतरी त्यांच्यासमोर कुंडी नाहीतर पाण्याचं पिंप आणून ठेवलेलं असतं. इथलं वेगळेपण एवढंच, की इथल्या साहेबांनी ती मनावर घेतली होती, आणि साहेबांनी घेतल्यावर बाकीच्यांना घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चूक झाली तर आधी आपणच सांगावी. दुसऱ्याची चूक दिसली तर तिथल्या तिथे दाखवावी. शिकवताना हातचं राखू नये. हा चष्मा आपल्या घरच्या माणसाच्या नाकावर बसणार आहे असं समजून काम करावं. या चौथ्या वाक्यावर स्क्रूमास्तरानं, म्हणजे फ्रेमचे स्क्रू आवळणाऱ्या गृहस्थानं, एकदा विचारलं होतं की नाक सासूचं असेल तर काय करायचं. साहेब म्हणाले, तर दोनदा तपासायचा.

पहिल्या वाक्यासाठी साहेबांनी एक रीत पाडली होती. सकाळी अकराला यंत्रं थांबायची, मधल्या लांब टेबलावर चहाची किटली यायची, आणि पहिला कप त्याचा, जो उभा राहून आपली चूक सांगेल. काय चुकलं आणि कसं चुकलं, दोन-चार वाक्यांत. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही. यातलं दुसरं फारसं पाळलं जात नसे. मग स्क्रूमास्तर बाकीच्यांचे कप भरायचा आणि लोक त्याच चुकीवर बोलत चहा प्यायचे. एकाची चूक अठराजणांच्या डोक्यात जायची आणि पुढे सहा महिने तरी कुणी तिच्या वाटेला जायचं नाही.

बावीस वर्षांत दुर्बिणीनं हा पहिला कप एकदाही घेतला नव्हता.

दुर्बीण हे तिचं टोपणनाव, आणि ते तिला मनापासून आवडायचं. ती तपासणीत होती. तयार झालेला प्रत्येक चष्मा चिठ्ठीवरच्या नंबराशी ताडून पाहायचा आणि मगच पुढे सोडायचा, हे तिचं काम. त्यासाठी यंत्र होतं, पण दुर्बिणीला यंत्र लागायचं ते नियमापुरतं. टेबलावर तिनं एक काळी रेघ ओढून ठेवली होती. चष्मा हातभर अंतरावर धरायचा, काचेतून रेघेकडे बघायचं आणि काच किंचित हलवायची. काच उणे नंबरची असेल तर रेघ काचेबरोबर सरकते, अधिक नंबरची असेल तर उलट पळते. किती सरकली यावरून ती नंबर सांगायची आणि यंत्र मागाहून मान डोलवायचं. तिच्या हाताखालून गेलेला चष्मा बावीस वर्षांत कधी परत आला नव्हता. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा तिचा बाणा होता, आणि माशीनंही ते मान्य केलं होतं.

या सुखात मिठाचा खडा पडला तो दीड वर्षापूर्वी. त्या खड्याचं नाव नवी.

दीड वर्ष झालं तरी तिला सगळे नवीच म्हणायचे. पंचविशीतली, बडबडी, केस सतत डोळ्यांवर. दुर्बिणीनंच तिला शिकवलं होतं. रेघेची युक्तीसुद्धा दिली होती, अगदी हात धरून. पोरगी हुशार होती, पण धांदरट. पहिल्या सहा महिन्यांत तिनं इतके पहिले कप प्यायले की साहेबांनी तिच्यासाठी साखर कमी करायला सांगितली. आणि गंमत अशी, की प्रत्येक कपाबरोबर ती लोकांना जास्तच आवडत गेली. उभी राहायची, केस मागे सारायची आणि सांगायची, "काल मी जांभई देताना एक चष्मा पास केला. जांभई खरी होती, चष्मा खोटा निघाला." सगळे हसायचे. काचा कापणारे दोघे भाऊ, जे आपापसातही बोलत नसत, ते तिला येऊन आपल्या चुका सांगू लागले. कुणाचं काही बिघडलं की आधी नवीच्या टेबलाकडे. ती म्हणायची, चला, दोघं मिळून बघू.

दुर्बिणीच्या टेबलाकडे कुणी येत नसे. यायचं कारणच नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. पण ते डोळ्यांत खुपायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. चुका करणारीचं कौतुक, आणि जी चुकतच नाही तिचा चहा रोज दहाव्या नंबरावर, कोमट.

हे दुखणं जुनं होतं. लहानपणी धाकट्या बहिणीनं बरणी फोडायची आणि रडत रडत आईला जाऊन सांगायचं, की आईनं तिलाच पोटाशी धरायचं. मोठीनं कधी काही फोडलं नाही, म्हणून तिला पोटाशी धरायचा प्रसंगच कधी आला नाही. नवीभोवती माणसं जमली की दुर्बिणीला त्या फुटलेल्या बरणीचा आवाज येई.

अशातच तपासणीचे प्रमुख निवृत्त व्हायला आले. महिनाअखेर त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. ती खुर्ची मोठ्या खिडकीशी होती, जिथे दिवसभर एकसारखा उजेड असे. दुर्बिणीनं बावीस वर्षं त्या खुर्चीकडे पाहिलं होतं. तिच्यावर आपणच बसणार, यात तिला कधी शंका वाटली नव्हती. तिच्याशिवाय होतं कोण?

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. बोलणं लांबण लावून करायची त्यांना सवय नव्हती.

"तुमच्या कामात खोट काढायला जागा नाही," ते म्हणाले. "पण मला एक काळजी आहे. बावीस वर्षांत तुम्ही एकदाही पहिला कप घेतला नाही."

"चूकच झाली नाही तर काय सांगू, साहेब?"

"तेच. प्रमुखाकडे माणसं स्वतःहून चूक घेऊन आली पाहिजेत. तुमच्यासमोर बोलताना ती घाबरतात. नवीसमोर नाही घाबरत. मी अजून काही ठरवलेलं नाही. महिना संपेपर्यंत बघतो."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेची बस चालवायचा आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर त्याच्याकडे सोपा उपाय असायचा. तो म्हणाला, मग कर की एखादी चूक, त्यात काय एवढं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पण तिसऱ्या दिवसापासून, खोटं कशाला बोला, ती चूक शोधू लागली. स्वतःच्याच कामात, चांगली सांगण्यासारखी, फार मोठी नको, पण अगदीच पोरकटही नको. पास केलेले चष्मे पुन्हा काढून तपासले. चार दिवस चष्म्यामागून चष्मे उलटेपालटे केले. सगळे बरोबर. एका चिठ्ठीवर सहीचं शेपूट लांब गेलं होतं, तेवढंच. ते सांगायला उभं राहणार कोण? चूकसुद्धा मेली हवी तेव्हा सापडत नाही. आणि त्याच चार दिवसांत नवीनं दोनदा पहिला कप घेतला आणि एकदा तर साहेबांना खळखळून हसवलं.

पाचव्या दिवशी दुपारी दुर्बीण आपले ट्रे पाठवणीच्या फळीवर ठेवायला गेली. तपासून झालेला प्रत्येक चष्मा त्याच्या चिठ्ठीसह एका छोट्या ट्रेमध्ये त्या फळीवर जायचा, आणि चारला गाडी येऊन सगळे दुकानांकडे घेऊन जायची. फळीवर नवीचे ट्रे आधीच लागलेले होते, चिठ्ठ्यांवर तिची निळी सही. दुर्बिणीनं मुद्दाम पाहिलं असं नाही. तिचे डोळे तसेच होते, पडले की तपासायचे.

एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, उजवा उणे साडेपाच, डावा उणे सव्वा. उणे नंबर जितका मोठा तितकी काचेची कड जाड. म्हणजे उजवीकडची कड जाड हवी. चष्म्यात जाड कड डावीकडे होती.

तिनं चष्मा उचलला, खाली सरळ रेघ नव्हती म्हणून फळीच्या कडेवरच धरून हलवला. शंकाच नको. कापणाऱ्यानं काचा अदलाबदल करून बसवल्या होत्या, आणि नवीनं तपासताना चष्मा स्वतःकडे तोंड करून धरला होता. तसा धरला की उजवं डावं होतं आणि दोन्ही नंबर चिठ्ठीशी जुळल्यासारखे वाटतात. दुर्बिणीनं तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, चष्मा नेहमी घातल्यासारखा धर, समोरच्या माणसाच्या नाकावर असल्यासारखा नको. आणि हे पोरीनं करून दाखवलं.

नवी दहा पावलांवर होती. नुसती हाक मारायची होती. अगं, इकडे ये, हे बघ. दोन मिनिटांचं काम. नवीनं कपाळावर हात मारला असता, आणि उद्या अकराला उभी राहून सगळं रंगवून सांगितलं असतं. ताईंनी पकडलं, नाहीतर मी मेलेच होते, असं म्हणाली असती. लोक हसले असते. साहेब मान डोलावून बघत राहिले असते, नवीकडेच. पकडणारीचं नाव निघालं असतं, पण कप नवीच्याच हातात गेला असता.

हे सगळं दुर्बिणीला एका क्षणात दिसलं. मग तिला दुसरंही दिसलं. चष्मा गेला, दुकानदाराच्या हातात पडला, त्याच्या लक्षात आलं आणि तो परत आला, तर तो कप वेगळा असेल. बाहेरून परत आलेल्या चष्म्याला कुणी हसत नसतं. बघा साहेब, प्रमुख करायला निघालात ती ही.

तिनं चष्मा होता तसा ट्रेमध्ये ठेवला. शेजारी आपले ट्रे लावले आणि जागेवर येऊन बसली. चारपर्यंत ती घड्याळाकडे बघत होती. तीन पन्नासला ती उठलीसुद्धा. मग गाडीचा आवाज आला आणि ती परत बसली. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं, आणि हेही खरं, की संध्याकाळी घरी जाताना तिला थोडं बरं वाटत होतं.

चष्मा दुसऱ्या दिवशी परत आला नाही. तिसऱ्याही नाही. ती रोज पाठवणीच्या टेबलाकडे नजर टाकायची. आठवडा गेला तसं तिनं ठरवलं, दुकानदारानं तिथल्या तिथे निस्तरलं असणार. नाहीतरी असं एखादं प्रकरण आपोआप मिटतंच.

दहाव्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ स्वतःच कारखान्यात आले. उंच, नीटनेटके, मनगटाला प्लास्टर. चिठ्ठीवरून पत्ता शोधत आले होते. निवृत्त पोस्टमन आहे, असं त्यांनी आधी सांगितलं, बहुधा पत्ता शोधण्याचं कौतुक कुणी करू नये म्हणून. मग खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. भांडायला ते आलेच नव्हते. त्यांना फक्त विचारायचं होतं, चष्म्यात काही आहे का, की डोळ्यांतच आहे.

नवा चष्मा घातल्यापासून त्यांना जिना हलल्यासारखा दिसत होता. दुकानदार म्हणाला, नवा नंबर आहे, चार दिवस सवय होऊ द्या. मग त्यांनी सवय होऊ दिली. पाचव्या दिवशी शेवटची पायरी संपली असं वाटलं, ती संपली नव्हती. मनगट गेलं. पण ते मनगटाबद्दल बोलतच नव्हते. ते सांगत होते की त्यांच्या वडिलांचे डोळे याच वयात गेले. आता आपलेही चालले, असं धरून त्यांनी आठ दिवस घरात कुणाला काही सांगितलं नाही. सुनेनं विचारलं तर म्हणाले, पाय घसरला. कालच बायकोला कळलं आणि तिनं जुना चष्मा शोधून त्यांच्या डोळ्यांवर चढवला, तेव्हा जिना जागच्या जागी होता.

"आठ दिवस मी घरातल्या सगळ्यांकडे नीट बघून घेत होतो," ते म्हणाले आणि जरा ओशाळून हसले.

नवीनं चष्मा हातात घेतला, घातल्यासारखा धरला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पलीकडच्या टेबलाशी दुर्बीण दुसऱ्याच कुणाच्या तरी चष्म्यातून काळ्या रेघेकडे बघत होती.

म्हाताऱ्यांना बसवून घेतलं, दोन्ही काचा नव्यानं कापल्या, साहेबांनी स्वतः त्यांची माफी मागितली आणि आपल्या गाडीनं घरी सोडून आले. चहाला त्या दिवशी साडेअकरा वाजले. नवी उभी राहिली. केस मागे सारायला हात गेला आणि तसाच राहिला.

"मी चष्मा उलटा धरला," ती म्हणाली. "ताईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी बोलत होते, लक्ष नव्हतं. कापताना चुकलं असेल, पण पकडायचं काम माझं होतं. ते आजोबा आठ दिवस..."

काचा कापणारा धाकटा भाऊ उठून म्हणाला, नाही, सुरुवात माझ्यापासून झाली, काचा मी बदलल्या. मोठा भाऊ म्हणाला, यंत्रावरची उजव्या-डाव्याची खूण पुसट झालीय हे मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. मग पाठवणीचे काका म्हणाले, परत आलेल्या चष्म्यांबद्दल दुकानांना आपण विचारतच नाही, तेही चूक आहे. बघता बघता सगळे नवीभोवती जमले. स्क्रूमास्तरानं कप भरून तिच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. साहेब बाजूला उभे होते. ते तिच्याकडे ज्या नजरेनं पाहत होते ती नजर दुर्बिणीनं बावीस वर्षांत स्वतःवर पडलेली पाहिली नव्हती.

म्हणजे झालं ते असं. माणूस पडला, हाड मोडलं, कारखान्याचं नाव गेलं, आणि तरी कौतुक तिचंच. दुर्बिणीला दम धरवेना. त्यात शरम होती का? होती. त्या म्हाताऱ्यांचं ओशाळं हसू तिच्या नजरेसमोरून जात नव्हतं. पण तिला उभं केलं ते शरमेनं नव्हे. खोटं कशाला सांगू, तिला उभं केलं ते मत्सरानंच. सगळे आपापली कबुली देऊन नवीला चिकटले होते आणि वर्तुळाबाहेर ती एकटी उरली होती.

"मलाही सांगायचंय," दुर्बीण म्हणाली.

सतरा माना वळल्या. स्क्रूमास्तराच्या हातातली किटली तशीच राहिली.

"त्या दिवशी मी पाठवणीच्या फळीवर ट्रे लावत होते. तो चष्मा माझ्या हाताखालून गेला. तपासायचं काम माझं नव्हतं, पण डोळे माझे होते." ती थांबली. पुढचं वाक्य दोन प्रकारे संपवता येत होतं. "आणि मला दिसलं नाही," ती म्हणाली.

आधी पाठवणीच्या काकांनी आणि मागोमाग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या कारखान्यात चुकीला टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. पण दुर्बिणीची पहिली चूक, तीही जी तिची नव्हती, जिच्याबद्दल तिला कुणी विचारलंही नसतं! नवीनं स्वतःचा कप तिच्या हातात दिला आणि तिच्या गळ्यात पडून रडली. चहा खरंच गरम होता. दुर्बिणीची जीभ भाजली.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. पहिल्या तारखेपासून तपासणीच्या प्रमुख ताई. "बावीस वर्षांचा कोरा कागद एका शब्दानं सोडून देणं सोपं नसतं," ते म्हणाले. नवीनं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. तिला ती खुर्ची हवी होती की नव्हती, हे दुर्बिणीला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं. जिच्याशी आपण महिनाभर झुंजलो तिला ती झुंज ठाऊकच नसावी, यासारखा अपमान नाही.

घरी नवरा म्हणाला, बघ, मी सांगितलं होतं ना, एखादी चूक कर म्हणून. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली.

पुढच्या दोन-तीन दिवसांत एक नवलच घडलं. लोक तिच्या टेबलाकडे येऊ लागले. मोठा भाऊ आला, यंत्राच्या खुणेबद्दल बोलून गेला. पाठवणीचे काका त्यांची एक जुनी चूक सांगून गेले, जी त्यांनी सहा वर्षं पोटात ठेवली होती. ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं ताटात वाढून आलं होतं आणि घास घशाखाली उतरत नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कामाची वेळ संपली तशी ती नव्या खुर्चीशी आपलं सामान मांडत होती. टेबलावर नवी काळी रेघ ओढून झाली होती. नवी आली, हातात वही. आपण शिकलेलं लिहून ठेवायची तिला सवय होती. पुढे येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून तिनं ती वही शिकवणीसाठी द्यायची ठरवली होती, साहेबांनाही ते आवडलं होतं.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"मी उलटा धरला म्हणून मला कळलं नाही. ते लिहिलंय मी. पण तुम्हाला तर कड बघूनच कळतं. साडेपाच आणि सव्वा, म्हणजे केवढा फरक. तो तुमच्या नजरेतून सुटतो म्हणजे त्या जागेत काहीतरी असं असणार की कुणाच्याही नजरेतून सुटेल. काय होतं ते सांगा. मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाचं होणार नाही."

ती खरंच विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं, चोरट्या नजरेला चोरटं उत्तर देता येतं.

"उजेड," दुर्बीण म्हणाली. "फळीपाशी उजेड कमी आहे."

नवीनं मान डोलावली आणि लिहायला घेतलं. पाठवणीच्या फळीपाशी उजेड कमी असल्यामुळे. अक्षर गोल, नीटस. दुर्बीण ते उलट्या बाजूनं वाचत होती. उद्या कुणीतरी ते वाचेल. फळीवर दिवा बसवतील. साहेब त्याचे पैसे मंजूर करतील, आणि नवं येणारं पोर शिकेल की उजेड कमी असला की असं होतं. बावीस वर्षांत तिनं कुणाला एक गोष्ट चुकीची शिकवली नव्हती.

"खोड ते," ती म्हणाली.

"काय?"

"उजेड पुरेसा होता. सुटला नव्हता माझ्या नजरेतून. दिसला होता."

नवी हसली, कारण तिला वाटलं ताई थट्टा करताहेत. मग तिनं वर पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं.

"दिसला होता म्हणजे?"

"उचलला, हलवून बघितला, परत ठेवला. गाडी यायला दीड तास होता. तू समोर होतीस."

"मग सांगितलं का नाही?"

दुर्बिणीनं उत्तर शोधलं नाही. ते त्या दिवसापासून जिभेवरच होतं.

"तुझा होता म्हणून."

या पोरीनं दीड वर्षात प्रत्येकाची चूक ऐकून घेतली होती, आणि प्रत्येक वेळी म्हणाली होती, चला, दोघं मिळून बघू. दुर्बीण त्याच शब्दांची वाट बघत होती. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची कीव आली. नवी ते म्हणाली नाही. तिनं वहीतलं ते वाक्य खोडलं, एकदा नव्हे, तीन-चारदा, कागद फाटेपर्यंत. ती रागावली होती, आणि तो राग लपवायचं तिच्या मनातही येत नव्हतं. तेव्हाही दुर्बिणीला तिचा हेवाच वाटला. असं उघड्या तोंडानं रागावता यावं, आतलं आणि बाहेरचं एक असावं.

"ते आजोबा घरातल्यांची तोंडं पाठ करत होते, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

नवीनं वही बंद केली, पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"उद्या अकराला तुम्ही सांगणार, की मी?"

"मी," दुर्बीण म्हणाली.

नवीनं मान हलवली. रोज निघताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं "येते हं, ताई" म्हणायची. त्या दिवशी ती तशीच गेली.